अखंड सेवेचे गणित : जॉन फॉन नॉयमन

ग्वाल्हेरच्या किला गेटपाशी राहणाऱ्यांना गडाची चढण नवी नाही. आलमगिरी दरवाज्यातून आत शिरावे, बादलगढ आणि गणेश हे दरवाजे मागे टाकावेत, म्हणजे लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे खडकात कोरून काढलेले चतुर्भुजाचे चिमुकले देऊळ लागते. सुट्टीच्या दिवशी मुले त्याच्यावरून धावत वर निघून जातात. क्वचितच कोणी तेथे थांबते. वास्तविक जगभरचे गणिती जिचे नाव आदराने घेतात अशी ही जागा आहे. तेथील संवत् 933, म्हणजे इसवी सन 876 मधील शिलालेखात 270 आणि 50 या संख्या आजच्याप्रमाणेच शून्य घालून कोरलेल्या आहेत. शून्याच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते.

परंतु आकड्यांपेक्षा त्या लेखाचा हेतू आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. 270 हात लांब आणि 187 हात रुंद अशी फुलबागेची जमीन देवाला अर्पण केली, आणि देवाला रोज 50 माळा मिळाव्यात अशी तजवीज केली, हे तो लेख सांगतो. एका दिवसाची पूजा कोणीही करील; पण देणारा गेल्यावरही ती रोजच्या रोज बिनचूक कशी चालावी, ही खरी चिंता. माळी आजारी पडेल, झाडे वाळतील, एखाद्या वर्षी पाऊस दगा देईल. तरी देवाच्या गळ्यातील माळ चुकता कामा नये. जिचा प्रत्येक भाग नाशवंत आहे अशी सेवा अखंड कशी ठेवावी? हाच प्रश्न त्यानंतर पावणेअकराशे वर्षांनी एका थोर गणितज्ञाने यंत्रांविषयी विचारला आणि त्याचे उत्तर गणितानेच दिले. त्या जॉन फॉन नॉयमन यांचे चरित्र यंदाच्या अंकात आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

नॉयमन यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका सधन यहुदी कुटुंबात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव यानोश. पुढे अमेरिकेत त्याचेच जॉन झाले. वडील मिक्सा हे पेढीच्या व्यवसायातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. 1913 साली त्यांना सरदारकी मिळाली, आणि तेव्हापासून या घराण्याच्या नावात फॉन हे मानाचे पद आले. यानोशची स्मरणशक्ती लहानपणापासून असामान्य होती. मोठमोठ्या संख्यांचे हिशेब तो तोंडी करी आणि इतिहासाचे जाडजूड ग्रंथ आवडीने वाचून काढी.

बुद्धी ही देणगी खरी, परंतु तिला ओळखणारा डोळा लागतो. बुडापेस्टच्या लुथरन शाळेत लास्लो रात्स नावाचे गणिताचे शिक्षक होते. या मुलाला वर्गातील गणित पुरणार नाही हे त्यांनी तत्काळ ताडले आणि विद्यापीठातील गणितज्ञांकडून त्याला शिकवणी मिळावी अशी व्यवस्था केली. त्याच शाळेत एक वर्ष पुढे असलेले यूजीन विग्नर यांना पुढे 1963 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रिन्स्टन येथील आपल्या खोलीत त्यांनी या रात्स गुरुजींचे चित्र लावून ठेवले होते. शाळामास्तराच्या आयुष्यात याहून मोठा सन्मान तो कोणता!

मुलाने केवळ गणित शिकून पोट भरणार नाही, अशी वडिलांना धास्ती होती. बापलेकांत तोड निघाली ती अशी की, झुरिच येथे रसायन-अभियांत्रिकी शिकावयाची आणि त्याचबरोबर बुडापेस्ट विद्यापीठात गणिताचा अभ्यास चालू ठेवावयाचा. तरुण नॉयमन यांनी दोन्ही शहरांतील दोन्ही अभ्यासक्रम पार पाडले आणि 1926 साली गणितातील डॉक्टरेट मिळविली. पुढे ते गॉटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट या गणितमहर्षींच्या सहवासात राहिले. 1928 साली त्यांनी खेळांच्या गणिताचा पायाभूत सिद्धान्त मांडला. 1932 साली पुंजयामिकीच्या गणिती पायावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावेळी त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती.

1930 साली ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आले आणि 1933 साली तेथील नव्या उच्च अध्ययन संस्थेत अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासारख्यांच्या पंक्तीस प्राध्यापक झाले. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्या विद्यापीठांत त्यांनी ज्ञान मिळविले होते तेथून यहुदी विद्वानांची हकालपट्टी सुरू झाली. शतकानुशतके उभी राहिलेली विद्येची पीठे काही महिन्यांत कशी ओस पडतात, हे नॉयमन यांनी पाहिले. 1937 साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

दुसऱ्या महायुद्धात ते लॉस ॲलामॉस येथील अणुबाँबच्या कामात सल्लागार होते, आणि बाँब कोठे टाकावा याचा विचार करणाऱ्या समितीतही होते. चरित्रलेखकाने हा भाग झाकून ठेवू नये असे आम्हांला वाटते. एवढी बुद्धी संहाराच्या कामी लागली, याचे दुःख वाचकांना होईल आणि तसे ते व्हावे. त्या कामासाठी अफाट हिशेब करावे लागत. ते लवकर कसे होतील या विवंचनेत असताना, 1944 च्या उन्हाळ्यात ॲबर्डीन नावाच्या गावी रेल्वेच्या फलाटावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचा विद्युत्-गणक तयार होत आहे, ही वार्ता त्यांना तेथे मिळाली. गाडीची वाट पाहता पाहता झालेल्या या भेटीने नॉयमन यांच्या आयुष्याला नवे वळण लागले.

1946 साली जगापुढे आलेल्या त्या एनिॲकमध्ये सुमारे 18,000 व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओमध्ये तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्या असत, त्याच या. त्यांतील एक जरी जळाली तरी हिशेब चुके किंवा थांबे. आरंभी तर जवळजवळ रोजच काही नळ्या जळत. यंत्र बंद करताना आणि पुन्हा सुरू करताना नळ्या अधिक जातात असे ध्यानात आल्यावर यंत्र बंदच करावयाचे नाही, असे चालकांनी ठरविले. चांगल्या प्रतीच्या नळ्याही पुढे मिळू लागल्या. इतके करूनही त्या यंत्राने सलग बिनबिघाड काम केले ते फार तर 116 तास, आणि तेही 1954 साली. पाच दिवसदेखील पुरे नाहीत!

यानंतरचे यंत्र कसे असावे याचा आराखडा नॉयमन यांनी जून 1945 मध्ये लिहिला. यंत्राने करावयाच्या आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच स्मृतिकोशात साठवावेत, आणि सर्व हिशेब शून्य आणि एक या दोनच अंकांत करावा, असे त्यात मांडले होते. आजच्या बहुतेक संगणकांची मूळ बैठक तीच आहे. चतुर्भुजाच्या भिंतीवरील ते इवलेसे वर्तुळ असे सर्व जगाच्या हिशेबाच्या मुळाशी जाऊन बसले. मात्र त्या आराखड्यावर एकट्या नॉयमन यांचेच नाव छापले गेले. एनिॲकचे निर्माते एकर्ट आणि मॉचली यांना त्याचे वाईट वाटले, आणि त्यांची तक्रार निराधार नव्हती.

पुढे नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचा गणक बांधावयास घेतला. त्यात त्यांनी फार मोठ्या मनाचे एक काम केले. यंत्राच्या रचनेची माहिती त्यांनी गुप्त न ठेवता सर्वांना खुली केली. त्या आराखड्यावरून अमेरिकेत, स्वीडनमध्ये आणि इस्राएलमध्ये त्याची भावंडे उभी राहिली. मूळ यंत्र जून 1952 मध्ये समारंभपूर्वक सुरू झाले आणि 1958 साली कायमचे बंद पडले. भावंडे पुढे चालत राहिली. यंत्राच्या आतील युक्तीइतकीच ही बाहेरची युक्तीही ध्यानात ठेवावी. जे ज्ञान अनेक ठिकाणी नांदते ते एका ठिकाणी बुडाले तरी नाहीसे होत नाही.

याच काळात, 1949 च्या एप्रिल-मे महिन्यांत, आपल्याकडील एक पंडित प्रिन्स्टन येथे गेले होते. आमची मातृभाषा कोकणी. म्हणून गोव्यात कोसबें येथे 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव येथे घेताना आम्हांला विशेष आनंद होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील हे गणिती युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर विद्युत्-गणकांचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत गेले असता नॉयमन यांच्याशीही त्यांच्या चर्चा झाल्या. दोघेही गणिती, दोघेही बहुभाषी, दोघांनाही इतिहासाचे वेड. परंतु एकाने बाँबच्या कामी हात लावला, तर दुसरे जागतिक शांततेच्या चळवळीत आघाडीवर राहिले. कोसंबींच्या त्याच संस्थेत 1960 साली भारतीय बनावटीचा मोठा विद्युत्-गणक सुरू झाला. त्याचे टिफ्रॅक हे नाव 1962 साली ठेवण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 1948 साली कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथे भरलेल्या परिषदेत नॉयमन यांनी यंत्र आणि सजीव यांची तुलना केली. माणसाचे बनविलेले यंत्र एका चुकीसरशी अडून बसते. शरीराचे तसे नाही. बोट कापले, काही पेशी मेल्या, तरी शरीर आपले काम चालू ठेवते आणि दुरुस्तीही करते. मग यंत्राला हे का साधू नये? जानेवारी 1952 मध्ये त्यांनी त्याच गावी या विषयावर व्याख्याने दिली. ती 1956 साली लेखरूपाने प्रसिद्ध झाली. बेभरवशाच्या भागांपासून भरवशाची रचना कशी करावी, हा त्यांचा विषय होता.

त्यातील मर्म शाळेतील गणिताने समजण्यासारखे आहे. एका विद्यार्थ्याला होय किंवा नाही एवढेच उत्तर असलेले 1,000 प्रश्न दिले आणि त्याची 100 उत्तरे चुकतात असे समजू. त्याच तयारीचे तीन विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसविले आणि प्रत्येक प्रश्नाला दोघांचे जुळेल ते उत्तर धरले, तर सरासरीने 100 ऐवजी 28 च उत्तरे चुकतील. पाच विद्यार्थी घेतले तर चुका साधारण 9 वर येतील. एकही विद्यार्थी पूर्वीपेक्षा हुशार झाला नाही, तरी वर्ग मात्र हुशार झाला!

नॉयमन येथेच थांबले नाहीत. मते मोजणाराही चुकू शकेल, त्याचे काय? म्हणून मोजणारेही अनेक हवेत. एका तारेऐवजी तारांची जुडी घ्यावी, एका मोजणाऱ्याऐवजी मोजणाऱ्यांची रांग ठेवावी, आणि वाटेत साचलेल्या चुका पुन्हा पुन्हा बहुमताने धुऊन काढाव्यात. पण याला एक मर्यादा आहे. प्रत्येक भाग निदान काही किमान खात्रीचा असलाच पाहिजे. भागांची चूक ठराविक प्रमाणाबाहेर गेली की कितीही भाग जोडले तरी उपयोग होत नाही.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची आहे. तिघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. एकाचे पाहून इतर दोघांनी लिहिले, तर तिघांची मते एकाच्याच मोलाची. ही अट समजण्यासाठी आपल्या गडाकडेच पाहावे. पूर्वेच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे आहेत. एक पडला तर दुसरा उभा. असे असूनही ऑगस्ट 1780 मध्ये, गड महादजी शिंद्यांच्या ताब्यात असताना, कॅप्टन पॉपहॅमच्या फौजेने तो एका रात्रीत घेतला. ती फौज दरवाज्यांच्या वाटेने आलीच नाही. कड्याला शिड्या लावून तटावर चढली. सारे दरवाजे एकाच वाटेचे राखणदार होते. त्यांची संख्या वाढविल्याने दुसऱ्या वाटेचा धोका रेसभरही कमी झाला नव्हता.

नॉयमन यांचे स्वतःचे आयुष्य मात्र अशा कोणत्याही युक्तीने राखता येण्यासारखे नव्हते. 1955 साली ते अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग जडल्याचे कळले. मेंदू आणि संगणक या विषयावर येल विद्यापीठात द्यावयाची व्याख्याने ते चाकाच्या खुर्चीत आणि मग अंथरुणावर लिहीत राहिले. ती त्यांना देता आली नाहीत. ज्या बुद्धीपुढे जगातील पंडित माना तुकवीत, ती क्षीण होत चालल्याची जाणीव त्यांना छळीत होती. अखेरच्या दिवसांत ते आपल्या मुलीला, मरीनाला, साध्या बेरजा विचारावयास सांगत. आपले मन अजून जागेवर आहे ना, याची ते खात्री करून घेत होते. 8 फेब्रुवारी 1957 रोजी वॉशिंग्टन येथील लष्करी इस्पितळात, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

त्यांचे काम मात्र खाली पडले नाही. येलची अपुरी व्याख्याने 1958 साली ग्रंथरूपाने निघाली. तिला प्रस्तावना लिहिली ती त्यांच्या पत्नी क्लारा यांनी. क्लारा स्वतः एनिॲकसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या आरंभीच्या जाणकारांपैकी एक होत्या. आपल्यासारखीच प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्रांविषयीचे त्यांचे लेखन आर्थर बर्क्स या सहकाऱ्याने पुरे करून 1966 साली प्रसिद्ध केले.

त्यांनी पेरलेल्या विचाराला पुढे अनेक फांद्या फुटल्या. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाच्या संगणकात महत्त्वाच्या भागांच्या तीन-तीन प्रती ठेवून बहुमताने उत्तर घेत. 1981 साली प्रथम उडालेल्या अमेरिकन अंतराळ-विमानात पाच संगणक होते. चार एकच आज्ञावली चालवीत. पाचव्याची आज्ञावली निराळ्या लोकांनी निराळी लिहिली होती. चौघे एकाच चुकीने फसले तर पाचवा तरी वाचावा, हा हेतू. पॉपहॅमच्या शिड्यांचा धडा येथे गिरविलेला दिसतो.

बँका, रुग्णालये, रेल्वेचे आरक्षण यांची कामे क्षणभरही खोळंबू नयेत म्हणून आज अनेक संगणकांचा एक समूह, म्हणजे क्लस्टर, बांधतात. 1976 साली टँडेम या अमेरिकन कंपनीने न थांबणारा संगणक विकावयास काढला, आणि पुढे समूह सांभाळणारी सॉफ्टवेअरे इतरांनीही रचली. त्यांचे काम कसे चालते हे आपल्या हरिनाम सप्ताहातील वीणेवरून उमगेल. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नसते. पहाऱ्याची पाळी संपली की दुसरा वारकरी ती गळ्यात घेतो आणि मगच पहिला मोकळा होतो. समूहातील प्रत्येक संगणक ठराविक अंतराने इतरांना आपण जिवंत असल्याची खूण पाठवितो. या खुणेला हृदयाच्या ठोक्याचे, हार्टबीट असे नाव आहे. ठोके थांबले की दुसरा संगणक त्याचे काम जेथल्या तेथून उचलतो. त्यासाठी कामाची नोंद दोघांच्याही आवाक्यात ठेवलेली असते.

यातही एक मोठा धोका आहे. दोन संगणकांमधील तारच तुटली तर प्रत्येकाला वाटते की दुसरा मेला. मग दोघेही एकाच खात्यात लिहू लागतात आणि सारा हिशेब नासतो. एकाच दिंडीत दोन विणेकरी उभे राहावेत तसा हा प्रकार. यावर उपाय आपल्या सभांतील गणपूर्तीचाच आहे. ज्या बाजूला निम्म्याहून अधिक संगणक आहेत तिनेच काम करावे, उरलेल्यांनी स्वस्थ बसावे. म्हणून अशा समूहात विषम संख्या सोयीची. शंका येईल त्या संगणकाचा वीजपुरवठाच तोडून टाकण्याचीही योजना असते. अखंड सेवेसाठी काम उचलण्याची तयारी लागते, तशीच वेळ आली असता बाजूला होण्याची तयारीही लागते.

विद्यार्थिमित्रहो, नॉयमन यांच्यासारखी बुद्धी शतकातून एखाद्यालाच लाभते. तिचा हेवा करून उपयोग नाही. पण त्यांचे गणित तुमच्या-आमच्यासारख्या चुकणाऱ्या माणसांसाठीच आहे. प्रत्येकाने आपले काम निदान बऱ्यापैकी करावे, दुसऱ्याचे पाहून न लिहिता स्वतःच्या डोक्याने विचार करावा, आणि शेजारचा थकला तर त्याची वीणा आपल्या गळ्यात घ्यावी, एवढे झाले तर दुबळ्यांचीही रचना बळकट होते. मात्र अखंड चालणारे यंत्र कोणत्या कामी चालवावयाचे, हे कोणतेही बहुमत-मंडल सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. पुढच्या वेळी किला गेटवरून गड चढताना चतुर्भुजापाशी घटकाभर थांबा. तेथील शून्य पाहा, आणि त्यापुढची रोजची माळही आठवा.